जाईबाई चौधरी : हमालीतून अध्यापनाकडे

अशोक विजयादशमीला वर्धा जिल्ह्यातील गावोगावचे उपासक-उपासिका दीक्षाभूमीवर जातात. त्याच नागपुरात, धम्मदीक्षेच्या ३४ वर्षे आधी, मुलींसाठी एक शाळा सुरू झाली होती. ती सुरू करणाऱ्या जाईबाई चौधरी यांचे चरित्र आमच्या पालकांपुढे ठेवावेसे वाटते; मुलीचे शिक्षण आणि घराची मिळकत यांचा संबंध त्यात स्पष्ट दिसतो.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली उमरेडच्या एका महार कुटुंबात झाला. १८९६ च्या दुष्काळाने हे कुटुंब नागपुरास आले. बालवयात विवाह झाला आणि पोटासाठी जाईबाई नागपूर ते कामठी ओझी वाहू लागल्या. हमालीत वर्षे वाढली म्हणून मजुरी वाढत नाही; शरीर मात्र झिजते आणि थकल्यावर मिळकतही थांबते. १९०१ च्या जनगणनेत देशातील हजार पुरुषांमागे ९८ साक्षर होते, तर हजार स्त्रियांमागे अवघ्या सात. अस्पृश्य स्त्रीची स्थिती काय असेल, हे वेगळे सांगणे नको.

ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी जाईबाईंना लिहावाचावयास शिकविले आणि मिशनच्या शाळेत दरमहा चार रुपयांवर शिक्षिकेचे काम दिले. रक्कम लहान होती, परंतु ती आता डोक्यावरील भाराची मजुरी नव्हती. पुढे अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकविते हे सवर्ण पालकांना कळले. त्यांनी शाळेवर बहिष्कार घातला. जाईबाईंची नोकरी गेली आणि त्या पुन्हा हमालीकडे वळल्या.

आजचे अर्थशास्त्र सांगते की, मुली शिक्षणात मुलांच्या मागे राहिल्या तर देशाच्या उत्पन्नवाढीची गती मंदावते. निम्मी बुद्धी वापराविना राहते आणि शिकलेल्या आईमुळे पुढील पिढीला मिळणारा लाभही हुकतो. हे आम्हांस मान्य आहे. मात्र जाईबाईंजवळ विद्या आली होती, ती विद्या ज्या बाजारात चालावयाची त्याचेच दार जातीने लावून घेतले. हा हिशेब मांडताना जात वगळली, तर तो अपुरा राहतो, असे आमचे मत आहे.

जाईबाईंनी दुसऱ्याच्या दाराशी थांबणे सोडून स्वतःची शाळा काढली. १९२२ साली नव्या वस्तीत चोखामेळा कन्याशाळा उभी राहिली.

ऑक्टोबर १९३७ मध्ये आमच्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि राष्ट्रव्यापी, मोफत व सक्तीच्या सात वर्षांच्या शिक्षणाचा ठराव झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन झाले. तेथे जाईबाईंना भोजनास वेगळे बसविण्यात आले. सुशिक्षित भगिनींच्या परिषदेत हे घडावे, हे आम्हांस त्या मिशन शाळेतील प्रसंगाहूनही अधिक बोचते. दलित स्त्रियांनी ते मुकाट्याने सोसले नाही. १ जानेवारी १९३८ रोजी सभा घेऊन त्यांनी निषेध नोंदविला.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरातच दलित वर्गाच्या महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे बोलले आणि हजारो स्त्रियांनी ते ऐकले. परिषदेच्या ठरावांत कामगार स्त्रियांसाठी रजा व निवृत्तिवेतन यांची मागणी होती, आणि तिच्यासोबतच सरकारी खर्चाने मुलींसाठी वसतिगृहे उघडण्याचीही.