डॉ. अर्विड लिंडाऊ: किडनी, डोळा आणि मेंदू यांचा संबंध ओळखणारे डॉक्टर

किडनीच्या कॅन्सरचं निदान झाल्यावर डॉक्टर कधी कधी विचारतात, घरात कोणाला डोळ्याच्या पडद्याचा किंवा मेंदूच्या गाठीचा आजार होता का? किडनीचा आणि डोळ्याचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. हा संबंध दाखवून देणाऱ्या डॉक्टरांची ही ओळख.

लिंडाऊ यांचं काम

अर्विड लिंडाऊ यांचा जन्म १८९२ साली स्वीडनमधल्या माल्मो इथे झाला. लुंड इथे शिकून ते पॅथॉलॉजिस्ट झाले, म्हणजे पेशी तपासून आजाराचं मूळ शोधणारे डॉक्टर. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑयगेन फॉन हिप्पेल यांनी १९०४ साली डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या गाठींचं वर्णन केलं होतं. तो केवळ डोळ्याचा आजार समजला जाई. लिंडाऊ लहान मेंदूतल्या पाण्याच्या गाठींचा अभ्यास करत होते. याच रुग्णांच्या डोळ्यांत, किडनीत आणि स्वादुपिंडातही गाठी असतात, हे त्यांच्या लक्षात आलं. हा सगळा एकच आजार आहे, असं त्यांनी १९२६ च्या प्रबंधात मांडलं. पुढे ते लुंडला प्राध्यापक झाले आणि १९५८ साली वारले. आज हा आजार ‘फॉन हिप्पेल-लिंडाऊ’, थोडक्यात व्हीएचएल, या नावाने ओळखला जातो.

गाठी का वाढतात?

याचं उत्तर लिंडाऊ यांच्या हयातीत मिळालं नाही. व्हीएचएल जनुक १९९३ साली सापडलं. पेशीला ऑक्सिजन कमी पडला की ‘हिफ’ नावाचं प्रथिन नव्या रक्तवाहिन्या मागवतं. ऑक्सिजन पुरेसा असेल तर व्हीएचएल प्रथिन या हिफला नष्ट करायला लावतं. व्हीएचएल बिघडलं, तर ऑक्सिजन असूनही हिफ साचत राहतं. नको असताना रक्तवाहिन्या वाढतात आणि गाठीला पोषण मिळतं.

तुमच्यासाठी महत्त्वाचं

किडनीच्या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे क्लिअर सेल. त्यात बहुधा हेच जनुक बिघडलेलं असतं, पण बहुतेकांमध्ये फक्त गाठीच्या पेशींत. तो बिघाड मुलांकडे जात नाही. जन्मतःच बिघडलेलं जनुक असेल, तर मात्र प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

पुढीलपैकी काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा:

- किडनीचा कॅन्सर कमी वयात किंवा दोन्ही किडन्यांत झाला असेल
- जवळच्या नातेवाइकांना किडनीचा कॅन्सर असेल
- घरात कोणाला डोळ्याच्या पडद्यावर, लहान मेंदूत किंवा मणक्यात रक्तवाहिन्यांची गाठ असेल

वाढत्या वयात किडनीत एखादी साधी पाण्याची गाठ दिसणं नेहमीचं आहे. तेवढ्यावरून घाबरू नका.

रक्ताच्या तपासणीने जन्मजात दोष कळतो. दोष असेल तर डोळ्यांची तपासणी आणि एमआरआय ठरावीक काळाने करावे लागतात. गाठी लहान असताना सापडल्या, तर बऱ्याचदा दृष्टी आणि किडनी दोन्ही वाचवता येतात. सुनिटिनिब, पॅझोपॅनिब ही औषधं नव्या रक्तवाहिन्यांचा संदेश अडवतात, तर बेलझुटिफान थेट हिफलाच रोखतं. तुमच्यासाठी कोणतं योग्य, हे कॅन्सरतज्ज्ञ ठरवतील.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्यांच्या आजारांची यादी सोबत न्या. आजीची अचानक गेलेली दृष्टी, काकांचं मेंदूचं ऑपरेशन, हेही त्यात लिहा.