वायपरवाली मेरी

गेल्या महिन्यात भर पावसात माझ्या जुन्या शेवरोलेचा वायपर चढावर थांबला. गाडी १९५१ ची, हौसेने घेतलेली. तिच्या वायपरची मोटर विजेवर चालत नाही. इंजिन हवा ओढून घेतं, त्या ओढीवर म्हणजे व्हॅक्यूमवर चालते. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते आणि ऐन चढावर वायपर मंदावतो. हा तिचा स्वभावच! पण या वेळी सपाट रस्त्यावर आल्यावरही तो हलेना. घरी येऊन मोटर उघडली. आतल्या पात्याच्या कडेचं चामडं वाळून कडक झालं होतं, त्यामुळे हवा गळत होती. घट्ट झालेलं जुनं ग्रीस पुसलं, चामड्याला तेल दिलं, तडकलेली रबरी नळी बदलली, आणि वायपर पुन्हा डोलू लागला.

तेव्हा मनात आलं, मोटर येण्याआधी काच कोण पुसत असेल? शोधलं तर उत्तर आमच्या अलाबामातच सापडलं: मेरी अँडरसन.

मेरीचा जन्म १८६६ चा, ग्रीन काउंटीतला. ती चार वर्षांची असताना वडील गेले. १८८९ मध्ये आई आणि बहिणीबरोबर ती बर्मिंगहॅमला आली. तिथे त्यांनी भाड्याने देण्यासाठी अपार्टमेंटची इमारत बांधली. मधली काही वर्षं कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोला, मेरीने गुरं आणि द्राक्षमळाही सांभाळला. म्हणजे व्यवसाय शेतीचा आणि घरभाड्याचा, मोटारींचा नव्हे.

१९०२-०३ च्या हिवाळ्यात ती न्यूयॉर्कला गेली होती. बर्फाळ पाऊस पडत होता आणि ट्रामच्या ड्रायव्हरला समोरचं दिसावं म्हणून काच उघडी ठेवावी लागत होती. तो बिचारा गारठलेला, आतले प्रवासीही. हे दृश्य रोज शेकडो लोक बघत असणार. मेरीने घरी परतल्यावर त्यावर उपाय शोधला. आतून हाताने फिरवायचा दांडा, बाहेर रबराची पट्टी लावलेला हात, आणि पट्टी काचेला घट्ट टेकून राहावी म्हणून वजन. हवा चांगली असेल तेव्हा सगळं काढून ठेवता येत असे. १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिला पेटंट मिळालं, क्रमांक ७४३८०१. त्याच वर्षी आणखी काही जणांनीही काच पुसण्याच्या साधनांची पेटंटं घेतली होती, पण आजच्या वायपरशी नातं सांगणारी रचना तिची.

पुढची गोष्ट चटका लावते. १९०५ मध्ये तिने हक्क विकण्यासाठी कॅनडातल्या एका कंपनीला विचारलं. यात धंद्याच्या दृष्टीने काही दम नाही, असं त्यांनी कळवलं. त्या काळी मोटारीच मोजक्या होत्या. फोर्डची मॉडेल टी यायलाही अजून तीन वर्षं होती. पेटंटची मुदत १७ वर्षांची. ती १९२० मध्ये संपली, आणि १९२२ मध्ये कॅडिलॅकने प्रत्येक गाडीला वायपर बसवायला सुरुवात केली. मेरीच्या हाती या शोधाचा पैसा आला नाही.

ती बर्मिंगहॅममधली आपली इमारत सांभाळत राहिली. २७ जून १९५३ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, टेनेसीतल्या मॉन्टईगल इथे ती वारली. माझी शेवरोले तेव्हा दोन वर्षांची होती! अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानयादीत तिचं नाव लागलं ते २०११ मध्ये.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एखादी कल्पना आत्ता कुणाला नको असली की आम्ही ती निकामी ठरवून मोकळे होतो. तिची वेळ यायची असेल, हे लक्षात येत नाही. मेरीची वेळ आली, पण मुदत संपल्यावर.

परवा पुन्हा पाऊस आला. वायपर चढावर मंदावला, पण थांबला नाही.