'एकच प्याला' लिहिणाऱ्या गडकरींना त्याचा पहिला प्रयोगही का पाहता आला नाही?

राम गणेश गडकरींचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातमधल्या नवसारीचा. वडील लवकर गेले. पुढे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजचं शिक्षण अर्धवट सुटलं आणि ते किर्लोस्कर नाटक मंडळीत नोकरीला लागले. 'गोविंदाग्रज' नावाने कविता, 'बाळकराम' नावाने विनोद आणि स्वतःच्या नावाने नाटकं, असं त्यांचं लिखाण सुरू होतं.

'एकच प्याला'चा नायक सुधाकर हुशार वकील, पण मानी आणि तापट. कोर्टात वाद होतो, सनद काही काळ रद्द होते. तो अपमान त्याला सहन होत नाही आणि तळीराम पहिला प्याला पुढे करतो. नंतर पत्नी सिंधूसह सगळं घरच उद्ध्वस्त होतं. म्हणूनच हे नाटक फक्त दारूचं नाही. दारूच्या आधी सुधाकरला त्याचा अहंकार हरवतो.

२३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला आजारपणात गडकरी गेले. वय अवघं ३३. पुढच्याच महिन्यात बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' रंगमंचावर आणलं. सिंधू झाले होते बालगंधर्व. नाटक तुफान गाजलं, लेखक मात्र ते बघायला नव्हता.