डॉ. जेरुशा झिराड आणि प्रार्थनेचा अधिकार

गोदाकाठचे गंगाखेड हे जनाबाईंचे गाव, याचा आम्हां परभणीकरांस रास्त अभिमान आहे. परंतु गावोगावच्या देवस्थानांच्या पंचमंडळांत स्त्रिया किती, असे कोणी विचारिले तर आमची मान खाली जाते. दळणकांडण स्त्रीचे, अभंगही स्त्रीचा, आणि कारभार मात्र पुरुषाचा, ही वाटणी आम्ही धर्म म्हणून चालविली आहे. ती धर्माची नसून सवयीची आहे, हे ध्यानी यावे म्हणून मराठी बोलणाऱ्याच एका लहान समाजातील थोर स्त्रीचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवितो.

डॉ. जेरुशा झिराड यांचा जन्म १८९० साली शिमोग्यास बेने इस्राएल कुटुंबात झाला. हा यहुदी समाज शतकानुशतके कोकणात घाण्यावर तेल गाळून राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून लोक त्यास शनिवार तेली म्हणत. पेठेतील व्यापाऱ्यांस ही गोष्ट विशेष वाटेल: व्रतासाठी आठवड्यातील एका दिवसाची कमाई सोडणारी ही माणसे होती. बाईंचे आडनावही अलिबागेजवळच्या झिराड गावाचे.

लहानपणी त्यांची बहीण मुंबईच्या कामा रुग्णालयात दुखण्यातून उठली, तेव्हाच डॉक्टर होण्याचा निश्चय त्यांनी केला. पुण्यात शाळा, मग मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज, आणि सरकारी कर्जाऊ शिष्यवृत्ती घेऊन विलायत, असा त्यांचा मार्ग. १९१९ साली लंडनची एम. डी. पदवी त्यांनी मिळविली. पुढे १९२८ ते १९४७ पर्यंत त्या त्याच कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. मुंबईतील बाळंतिणींच्या मृत्यूंची कारणे त्यांनी शोधून काढिली.

विलायतेत त्यांस दुसरेही एक शिक्षण मिळाले. यहुद्यांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. स्त्रिया कितीही असोत, त्या मोजल्या जात नाहीत व निराळ्या बसतात. या रिवाजाविरुद्ध लंडनमध्ये लिली माँटेग्यू यांनी १९०२ साली नवा संघ उभारण्यास पुढाकार घेतला आणि १९१८ साली स्वतः व्यासपीठावरून प्रवचन केले. १९१९ च्या सुधारणा कायद्यास ज्यांचे नाव जोडले गेले, त्या माँटेग्यूसाहेबांच्या या भगिनी. बंधूंनी हिंदुस्थानास स्वराज्याचा तुकडा देऊ केला. भगिनींनी मात्र आपल्या समाजातील स्त्रियांकरिता पूर्ण वाटा मागितला!

झिराडबाईंनी तोच विचार स्वदेशी आणिला. १९२५ साली मुंबईत त्यांनी ज्यूइश रिलिजस यूनियन स्थापन केली. प्रार्थनेचा अर्थ सर्वांस कळावा आणि तीत स्त्रीपुरुषांचे स्थान सारखे असावे, हा या पंथाचा आग्रह. संस्थेचे प्रार्थनामंदिर पुढे रोदेफ शालोम या नावाने प्रसिद्ध झाले. बहुसंख्य समाज जुन्या रिवाजातच राहिला आणि १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलास गेली, हे आम्ही लपवीत नाही. परंतु अनुयायी थोडे म्हणून तत्त्व खोटे ठरत नाही. बाईंनी धर्म सोडिला नाही, की त्याची निंदाही केली नाही. त्यात राहूनच आपली जागा घेतली. १९६६ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. नव्वदी ओलांडून त्या वारल्या.

आम्ही कायद्याचे पदवीधर आहोत, म्हणून कायद्याची मर्यादाही सांगतो. मंदिरप्रवेशाचा कायदा या राज्यात १९५६ सालचा आहे. तरी शनिशिंगणापुरी चौथऱ्यावर जाण्यास स्त्रियांना २०१६ साली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. कायदा दार उघडू शकतो, मानाने आत बसवू शकत नाही. ते काम पंचांचे, आणि ज्यांच्या देणग्यांवर देवस्थाने चालतात त्या व्यापारीवर्गाचे. पंचांच्या पुढील निवडणुकीत निदान निम्म्या जागा स्त्रियांस मिळतील, तरच वर्गणी देऊ, एवढे त्यांनी सांगावे. जनाबाईंच्या जिल्ह्याने हे करून दाखविले, तर आमचा अभिमान खरा ठरेल.