नावाने योद्धा, कामाने गायक

स्पेन देशात पुष्कळ आडनावे धंद्यावरून पडली आहेत. हेर्रेरो म्हणजे लोहार, सापातेरो म्हणजे जोडे करणारा, गेर्रेरो म्हणजे योद्धा. फ्रान्सिस्को गेर्रेरो सेव्हिल शहरी १५२८ साली जन्मला. परंतु त्याने तरवार न धरता मंदिरात देवाची स्तुतिगीते रचण्यात आयुष्य वेचले. १५८८ साली, साठाव्या वर्षी, तो यरुशलेमेच्या यात्रेस निघाला. परतताना चाच्यांनी त्यास दोनदा लुटले. पुढे कर्जापायी तुरुंग भोगावा लागला. मंदिराच्या कारभाऱ्यांनी त्यास सोडविले. तरी पुन्हा यात्रेस जाण्याचा त्याचा निश्चय ढळला नाही. तोच १५९९ साली महामारीत त्यास मरण आले.

बंधुजनहो, आडनाव पूर्वजांच्या धंद्याने मिळते; मनुष्य मात्र स्वतःच्या सेवेने ओळखला जातो, असे आम्हांस वाटते.