कुस्तीवीर खाशाबा जाधव

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे लहानसे गाव आहे. या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. पाच भावांत सर्वांत धाकट्या खाशाबांना त्यांनी बालपणीच आखाड्यात उतरवले. त्या काळी गावोगावी तालमी असत. तालीम साऱ्या गावाची मानली जाई. तांबड्या मातीत तेल, ताक व हळद मिसळून ती मऊ केली जाई आणि जत्रेत कुस्त्यांचे फड रंगत. अशा वातावरणात खाशाबा घडले.

कराडच्या टिळक हायस्कूलनंतर त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिक्षण घेतले. १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडन ऑलिंपिकला गेले. मातीवर वाढलेल्या या मल्लाला तेथील गादी आणि तेथील नियम दोन्ही नवे होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. उणिवा ओळखून पुढील चार वर्षे त्यांनी कठोर सराव केला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. परंतु प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. शासनाकडून पुरेशी मदत मिळाली नाही. तेव्हा गोळेश्वर व परिसरातील लोकांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. 

हेलसिंकीत ५७ किलो वजनगटात खाशाबांनी कॅनडा व मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. पुढे सोव्हिएत व जपानी मल्लांकडून त्यांना हार पत्करावी लागली. मात्र कांस्यपदक त्यांच्या हाती आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. असे दुसरे पदक मिळण्यास ४४ वर्षे लागली.

परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्काराच्या आनंदात खाशाबा ऋण विसरले नाहीत. त्यांनी कुस्त्यांचे सामने भरवले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार देण्यात आला. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

खाशाबांच्या यशात आखाड्याची माती राखणाऱ्यांचा, वर्गणी देणाऱ्यांचा आणि घर गहाण ठेवणाऱ्या गुरूचाही वाटा होता. आपल्या गावातील किंवा वस्तीतील मैदान, तालीम जपणे आणि तेथे स्वतः जाऊन मुलाबाळांनाही नेणे आपणा प्रत्येकाला शक्य आहे. उद्याचा खेळाडू अशाच ठिकाणी घडत असतो.