पंडित नैनसिंह रावत : पावलांनी हिमालय मोजणारे मास्तर



भूगोलाच्या तासाला आपण भिंतीवर नकाशा लावतो. पण तो मोजला कोणी, हे मुलांना सांगायचं राहूनच जातं. म्हणून आज एका शिक्षकाचीच ओळख करून घेऊया.

नैनसिंह यांचा जन्म १८३० साली कुमाऊंमधील मिलम या गावी झाला. हे गाव आजच्या उत्तराखंडात, तिबेटच्या सीमेजवळ आहे. इथले भोटिया लोक पिढ्यान्‌पिढ्या तिबेटशी व्यापार करत. त्यामुळे नैनसिंहांना तिबेटी भाषा आणि घाटवाटा ठाऊक होत्या. पुढे ते गावच्या शाळेत मास्तर झाले.

त्या काळी तिबेटमध्ये युरोपीय लोकांना बंदी होती. इंग्रजांना मात्र तिथला नकाशा हवा होता. म्हणून १८६३ मध्ये कॅप्टन मॉन्टगोमेरी यांनी नैनसिंहांना सर्वेक्षणाच्या कामावर घेतलं. डेहराडूनला त्यांना प्रत्येक पाऊल सारखं टाकायला शिकवलं. दोन हजार पावलं म्हणजे एक मैल! जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी नोंदींचे कागद, तर कवडीत पारा लपवलेला असे. पाणी किती तापमानाला उकळतं यावरून ते जागेची उंची काढत.

जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोहोचले. ओळख उघड झाली असती तर जीवच गेला असता. पैसे संपले तेव्हा त्यांनी व्यापाऱ्यांना हिशोब शिकवून पोट भरलं. १८७४-७५ मध्ये ते लेहहून पुन्हा ल्हासामार्गे आसामपर्यंत चालत गेले. या कष्टांनी त्यांची दृष्टी अधू झाली. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

मात्र या गोष्टीची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. डोंगरातल्या माणसांचं ज्ञान आणि कष्ट वापरून नकाशे तयार झाले, पण ते कशासाठी वापरायचे हे राज्यकर्ते ठरवत होते. १९०४ मध्ये इंग्रज फौज ल्हासात शिरली. म्हणून नैनसिंहांची जिद्द तर शिकवूच, पण नकाशा कोणी आणि कोणासाठी काढला, हा प्रश्नही मुलांना विचारायला शिकवू.

उपक्रम : मुलांना शाळेचं मैदान पावलांनी मोजायला सांगा, मग टेपने मोजून फरक काढा. एकसारखं पाऊल टाकणं किती अवघड आहे, ते त्यांना लगेच कळेल.